वाइडबँड ओटू गेजची वायरिंग: पॉवर कुठून घ्यायची आणि अर्थ कुठे मारायचा?

जुनी_टर्बो

मंडळी, मदत पाहिजे. गाडी जुनी टर्बो पेट्रोल आहे, कंपनीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काढून स्टँडअलोन, म्हणजे स्वतः सेट करायचा, टाकलाय आणि आता ट्यूनिंगला बसायच्या आधी वाइडबँड गेज लावायचंय, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं मिश्रण आकड्यात दाखवणारं. गेजसोबत बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर आलाय, वेल्ड करायचा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) आलाय आणि हार्नेसमधून लाल, काळी, एक डिमरची आणि एक ०-५ व्होल्ट आउटपुटची अशा वायरी निघतात. कागदावर लिहिलंय की लाल इग्निशनच्या १२ व्होल्टला द्या आणि काळी चांगल्या ग्राउंडला द्या, बास. चांगलं ग्राउंड, म्हणजे अर्थ, नेमकं कुठलं ते कोणी सांगत नाही.

कंपनीचा चार वायरींचा जुना सेन्सर मॅनिफोल्डच्या खाली अजून आहे. त्याच्या हीटरला १२ व्होल्ट येतातच, मग तिथूनच पॉवर घेतली तर चालेल का, म्हणजे नवीन वायर ओढायची गरज नाही? की जुना काढून त्याच भोकात नवीन बसवू? आणि आउटपुटची वायर ईसीयूला द्यायचीये कारण लॉगमध्ये (ईसीयूच्या नोंदीत) मिश्रण दिसलं पाहिजे, नुसतं काट्याकडे बघून ट्यूनिंग मला करायचं नाहीये. सेन्सरची केबल डॅशबोर्डपर्यंत जेमतेम पोचते, ती कापून वाढवली तर काही बिघडतं का तेही सांगा.

मीटरवाला

आधी पॉवरचं बोलू. जुन्या सेन्सरच्या हीटरवरून घेऊ नका. त्या हीटरची प्लसची बाजू बहुतेक गाड्यांत एका रिलेमागून येते आणि त्याच फ्यूजवर कधी इंजेक्टर असतात, कधी कॉइल असते, तुमच्या गेजमध्ये शॉर्ट झाला की गाडी रस्त्यात बंद. आणि मायनसची बाजू तर अजिबातच वापरायची नाही, ती थेट अर्थला गेलेली नसते, ईसीयू ती बाजू चालू-बंद करून हीटर सांभाळतो. तिथे गेजची काळी जोडली तर गेज लुकलुकणार किंवा ईसीयूचा ड्रायव्हर जाणार.

एलएसयू ४.९ चा हीटर थंड असताना दोन-तीन अँपियरपर्यंत खेचतो, गरम झाला की खाली येतो. आतलं सिरॅमिक ७८० डिग्रीला धरून ठेवायचं काम आहे त्याचं, त्यामुळे वायर बारीक नको आणि बॅटरीपासून वेगळा फ्यूज पाहिजे, किती अँपियरचा ते गेजच्या कागदावर असतं तेवढाच टाका. माझ्या मते सगळ्यात स्वच्छ काम म्हणजे चार पिनांचा साधा रिले: ३० ला बॅटरीवरून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून गेजची लाल, ८५ अर्थला, आणि ८६ ला ट्रिगर. ट्रिगर मी फ्युएल पंपाच्या वायरवरून घेतो, म्हणजे इंजिन चालू असेल तेव्हाच हीटर चालू. नुसत्या चावीवर हीटर पेटला आणि गाडी तशीच उभी राहिली की पाइपातलं साचलेलं पाणी सेल्फ मारल्यावर त्या लाल झालेल्या सिरॅमिकवर उडतं आणि सिरॅमिक तडकतं. ट्रिगरला फक्त रिलेच्या कॉइलचा करंट लागतो, पंपाच्या वायरवर बोजा पडत नाही.

रिले नकोच असेल तर इग्निशनचा असा फ्यूज शोधा जो सेल्फ मारतानाही चालू राहतो. मीटर लावून चावी ऑन, सेल्फ आणि इंजिन चालू अशा तिन्ही वेळा बघायचं. रेडिओवाला फ्यूज सेल्फ मारताना मरतो, गेज दरवेळी नव्याने गरम व्हायला लागतं.

उलटंही लक्षात ठेवा. सेन्सर पाइपात आणि गेजला पॉवर नाही अशी गाडी चालवायची नाही, कधीच नाही. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि तो खराब होतो. गेज दुरुस्तीला काढलं तर सेन्सरही काढा आणि बंगाला बूच मारा.

गरम_पाइप

मीटरवाल्यांनी वायरिंगचं सांगितलंय तर मी पाइपाचं सांगतो. जुना सेन्सर ज्या भोकात आहे तो टर्बोच्या आधी आहे असं दिसतंय तुमच्या वर्णनावरून, तिथे वाइडबँड लावू नका. टर्बोच्या आधी तापमान पण जास्त आणि दाब पण जास्त, आणि वाइडबँडचं रीडिंग दाबाने बदलतं, रिच (पेट्रोल जास्त) असेल तर आणखी रिच दाखवतो आणि लीन (पेट्रोल कमी) असेल तर आणखी लीन. टर्बोच्या पुढे साधारण ६० ते ९० सेंटीमीटरवर आणि कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी नवीन बंग वेल्ड करा.

बंग पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात पाहिजे, घड्याळाच्या १० ते २ च्या मध्ये. सेन्सरचं टोक खाली आणि केबल वर, आडव्यापेक्षा निदान १० डिग्री चढ. खालून लावला की पाणी सरळ सेन्सरमध्ये साचतं. आटे एम १८ बाय १.५ चे असतात, पाना २२ चा. वेल्डिंग करताना नवीन सेन्सर बंगात घालून आटे वाचवायचा मोह होतो काहींना, तसं करू नका, जुना मेलेला सेन्सर किंवा बूच घाला. नवीन सेन्सरच्या आट्यांना ग्रीस लावूनच येतं, टोकाला बोट पण लावायचं नाही. ४० ते ६० न्यूटन मीटर पुरतं.

आणि फ्लँजची पॅकिंग बघून घ्या वेल्डिंगच्या आधीच. सेन्सरच्या अलीकडे कुठे फट असेल तर आयडलला दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज लीन दाखवतं, गाडी प्रत्यक्षात ठीक असते. गाडी थंड असताना स्टार्ट करून कान देऊन ऐका, टिक टिक असा आवाज आला तर आधी ते काम. पॅकिंगला साधं सिलिकॉन फासू नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो, सेन्सरला चालणारं लिहिलेलं असेल तेच.

क्लच_प्लेट

एवढं कशाला पाहिजे? मी एका मित्राच्या गाडीत बघितलं, जुन्या सेन्सरच्या सिग्नल वायरवर एलईडीवालं गेज टॅप केलंय, एक वायर जोडली आणि काम झालं. हीटर नाही बंग नाही काही नाही. ते का नको?

मीटरवाला

ते गेज खोटं नाही, पण ट्यूनिंगसाठी त्याचा उपयोग नाही. जुना सेन्सर नॅरोबँड आहे, तो ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो आणि साधारण ०.४५ च्या जवळ, म्हणजे लॅम्डा १ ला (हवा-पेट्रोल अगदी बरोबर प्रमाणात; १ च्या खाली रिच, वर लीन), एकदम उडी मारतो. त्याला फक्त एवढं कळतं की मिश्रण रिच बाजूला आहे की लीन बाजूला. ०.८५ व्होल्टला लॅम्डा ०.९ आहे की ०.८ आहे हे त्या व्होल्टेजवरून सांगता येत नाही, तापमान बदललं तरी आकडा हलतो. आणि टर्बो गाडीत आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं. क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे सेन्सर बघून इंधन जुळवताना, ईसीयू मुद्दाम रिच-लीन करत राहतो म्हणून ते एलईडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहतात, बघायला छान वाटतं पण त्यातून काही कळत नाही.

तरी कोणाला टॅप करायचंच असेल तर वायरींचे रंग बघा, बॉशच्या चार वायरींमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नल, राखाडी सिग्नलचा ग्राउंड. ईसीयूच्या बाजूला टॅप करा, सेन्सरजवळ नाही. नॅरोबँडला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती वायरीच्या तारांमधून आत जाते, तिथे सोल्डर केलं किंवा स्प्रे मारला की हवेची वाट बंद. आणि नवीन गाड्यांत कंपनीचाच सेन्सर वाइडबँड असतो, तिथे हे ०-१ व्होल्टवालं गेज मुळीच चालणार नाही, तिथे ओबीडीवरून (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटवरून) लॅम्डा वाचलेला बरा.

आता जुनी_टर्बो यांचा केबलचा प्रश्न. कापू नका. ४.९ च्या कपलरमध्ये एक छोटा रेझिस्टर असतो जो त्याच सेन्सरसाठी फॅक्टरीत कापून जुळवलेला असतो, सेन्सरमधून पाच वायरी निघतात आणि कपलरला सहा पिना असतात त्या त्याच्यामुळे. कपलर तोडून दुसरा लावला की कॅलिब्रेशन गेलं. गेज बनवणाऱ्याची तयार एक्स्टेंशन मिळत असेल तर ती घ्या, नाहीतर बंगाची जागा थोडी जवळ घ्या. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) नेताना ग्रॉमेट (रबरी रिंग) पाहिजेच, नुसत्या पत्र्यावर केबल घासून कापली जाते, आणि कॉइल, प्लगच्या वायरींपासून लांब.

अर्थचं संध्याकाळी लिहितो, ते थोडं लांब आहे.

जुनी_टर्बो

सगळ्यांचे आभार. बंग गरम_पाइप यांनी सांगितला तसा टर्बोच्या पुढे वर लावून घेतला, पॉवर रिलेवरून, ट्रिगर फ्युएल पंपावरून. जुना सेन्सर आहे तसाच ठेवलाय. काळी वायर तात्पुरती डॅशबोर्डच्या मागे पत्र्याच्या बोल्टला दिली, जिथे अजून दोन-तीन काळ्या वायरी आधीच आहेत, आणि आउटपुट ईसीयूच्या मोकळ्या इनपुटला. गेज चालू झालं, अर्ध्या मिनिटात आकडा आला. आयडलला गेजवर १४.७ (एका भाग पेट्रोलला हवेचे भाग, म्हणजे लॅम्डा १) आणि लॉगमध्येही १४.७ च्या आसपास.

पण एक विचित्र गोष्ट आहे. एसीचा ब्लोअर फुल केला की लॉगमध्ये १५.० होतं आणि गेजवर १४.७ च राहतं. ब्लोअर बंद केला की परत जुळतं. गेज खराब आहे की ईसीयूचं इनपुट?

मीटरवाला

दोन्ही चांगले आहेत, हे अर्थचंच आहे आणि मला तेच लिहायचं होतं.

तुमच्या गेजचं आउटपुट ० व्होल्टला १० आणि ५ व्होल्टला २० असं आहे का बघा, बहुतेक तसंच असेल. म्हणजे १ व्होल्टला २ आकडे. १४.७ ला २.३५ व्होल्ट निघतात. पण ते २.३५ कशाच्या वर? गेज मोजतं स्वतःच्या काळ्या वायरीपासून, ईसीयू मोजतो स्वतःच्या सेन्सर ग्राउंडपासून. ह्या दोन जागांमध्ये जर ०.१५ व्होल्टचा फरक असेल तर ईसीयूला २.५० दिसणार आणि तो १५.० लिहिणार. त्या डॅशबोर्डच्या बोल्टवरून ब्लोअरचा करंट जातोय, बोल्टखाली रंग आहे किंवा तिथून इंजिनपर्यंतची वाट लांब आहे, करंट वाढला की तो बोल्ट थोडा वर उचलला जातो आणि तुमचं गेजही त्याच्यासोबत.

मोजून बघा. मीटर डीसी मिलिव्होल्टवर, काळा प्रोब ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला, लाल प्रोब गेजच्या काळ्या वायरीच्या थिंबलला (टोकाच्या रिंगला). गाडी चालू. आधी सगळं बंद, मग ब्लोअर, मग हेडलाइट, मग रेडिएटरचा पंखा. आकडे इथे टाका.

क्लच_प्लेट

मग काळी वायर सरळ ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच जोडली तर? दोघांचं एकच होईल, फरकच राहणार नाही.

मीटरवाला

चांगला प्रश्न आहे आणि खूप जण हेच करतात, पण नको. गेजच्या काळ्या वायरीतून नुसता सिग्नल परत येत नाही, हीटरचा सगळा करंट पण तिथूनच परत येतो. सेन्सर ग्राउंडची वायर बारीक असते, तिच्यावर कूलंट टेंपरेचर, थ्रॉटल, मॅप (मॅनिफोल्डचा दाब) असे सगळे सेन्सर बसलेले असतात. तिच्यातून अँपियरभर करंट सोडला, तोही हीटर चालू-बंद होत असताना, की ते सगळे सेन्सर थोडे थोडे चुकीचे वाचायला लागतात. मॅप सेन्सर चुकला की इंधनच चुकलं. लॉगमधला एक आकडा बरोबर करायला बाकीचे चार बिघडवायचे नाहीत.

काही गेजमध्ये आउटपुटची मायनस वेगळी दिलेली असते, प्लस-मायनस अशी जोडी. तसं असेल तर काम सोपं, जाडी काळी इंजिनला आणि सिग्नलची मायनस ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला. तुमच्यात एकच काळी आहे, म्हणून ती तिथे न्यायची जिथे ईसीयूचे स्वतःचे पॉवर ग्राउंड इंजिनला बोल्ट केलेत. हेड किंवा ब्लॉक, पण तोच बोल्ट. रंग खरवडून, थिंबल दाबून, दुसऱ्या कुठल्याही वायरीत मध्येच न जोडता.

जुनी_टर्बो

मोजलं. सगळं बंद असताना २० मिलिव्होल्ट. ब्लोअर फुल, १५० च्या आसपास. हेडलाइट लावले की अजून थोडा वर जातो. रेडिएटरच्या पंख्याने फारसा फरक नाही.

काळी वायर डॅशबोर्डवरून काढून फायरवॉलमधून इंजिनच्या हेडवर नेली, ईसीयूच्या दोन काळ्या जिथे आहेत त्याच बोल्टला, बोल्ट काढून खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करून. आता ब्लोअर, लाइट सगळं लावलं तरी १० च्या खाली आणि लॉग हलत नाही. गेज १४.७, लॉग १४.७.

एक विचारतो, मी आधी सॉफ्टवेअरमध्येच ०.३ वजा करणार होतो. तसं केलं असतं तर चाललं असतं?

मीटरवाला

नाही. ब्लोअर चालू असताना जुळलं असतं आणि बंद केल्यावर तेवढंच उलट्या बाजूला चुकलं असतं. फरक स्थिर असेल तर सॉफ्टवेअरमध्ये घालवता येतो, हा करंटप्रमाणे बदलतो. आणि तुमच्या ईसीयूमध्ये ऑटोट्यून चालू असेल तर हा विषय नुसत्या आकड्याचा राहत नाही. ईसीयूला लीन दिसलं की तो इंधन वाढवतो, ०.३ म्हणजे साधारण २ टक्के, ते टेबलमध्ये कायमचं लिहिलं जातं. याच्या उलट ईसीयूचा ग्राउंड वर उचललेला असेल तर त्याला रिच दिसतं आणि तो बूस्टमध्ये (टर्बो दाब देत असताना) इंधन कमी करतो. तिथे पिस्टन जातो. म्हणून मी अर्थवर एवढा वेळ घालवतो, बाकी लाल वायर कोणीही बरोबर जोडतो.

गरम_पाइप

छान झालं. आता चालवताना घाबरू नका म्हणून सांगून ठेवतो, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरमध्ये उतार उतरलात की गेज एकदम लीनच्या टोकाला जाईल किंवा नुसत्या रेघा दाखवेल, ईसीयूने इंजेक्टर बंद केलेले असतात, पाइपातून नुसती हवा जाते, ते बरोबर आहे. आणि मिसिंग असेल तरीही लीनच दिसतं, कारण न जळलेला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि न जळलेलं पेट्रोल तितकं दिसत नाही. लीन दिसलं की लगेच पेट्रोल वाढवायच्या आधी प्लग आणि कॉइल बघा.

लाल_प्रोब

मी नुसता वाचत होतो पण एक भर घालतो. गेज लॅम्डावर सेट करून टाका, एएफआरवर (१४.७ सारख्या हवा-पेट्रोलच्या प्रमाणावर) नको. सेन्सर मुळात लॅम्डाच मोजतो आणि गेज त्याला १४.७ ने गुणून दाखवतं, टाकीत काय आहे ते त्याला माहीत नसतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर खरं प्रमाण वेगळं असतं, १० टक्के मिसळलं तर १४.१ च्या आसपास, शुद्ध इथेनॉलला ९. पण लॅम्डा १ असताना गेज तिन्ही वेळा १४.७ च म्हणणार. लॅम्डात वाचलं की हा गोंधळच नाही, क्रूझला १, फुल बूस्टला ०.८ च्या जवळपास धरून सुरुवात करा आणि नॉक (इंजिनातली ठोठावणी) ऐकत ऐकत पुढे.

फक्त गेज आणि ईसीयू दोन्हीकडे एकाच वेळी बदला, नाहीतर उद्या परत दोन आकडे वेगळे दिसतील. गेज लॅम्डावर नेल्याने बहुतेक वेळा आउटपुटचं व्होल्टेज तेच राहतं, ईसीयूमध्ये ० व्होल्टला १० च्या जागी ०.६८ आणि ५ व्होल्टला २० च्या जागी १.३६ टाकायचं.

जुनी_टर्बो

टाकलं. ०.६८ आणि १.३६. आयडलला दोन्हीकडे १.००. लीनच्या टोकाला जाणारी गोष्ट आधीच सांगितलीत ते बरं झालं, पहिल्याच उताराला तसं झालं. उद्या पहिला लॉग घेतो, आधी बूस्टशिवाय, नॉक सेन्सरची केबल तपासायची राहिलीये ती झाली की मग पुढचं. तिची शील्डिंग एकाच टोकाला अर्थ करायची ना, ईसीयूच्या बाजूला?

मीटरवाला

हो, ईसीयूच्या बाजूलाच, आणि सेन्सरच्या बाजूला शील्डिंग उघडी न ठेवता स्लीव्ह चढवा म्हणजे ब्लॉकला टेकणार नाही.